अगं बाई, आता बाळंतिणीला विचारून हात लावतात म्हणे!

मुंबईतल्या वाकोल्यात काहीही घडू शकतं, हे आम्हाला मान्य आहे. पुलाखाली तासभर रिक्षात अडकून पडता येतं, डोक्यावरून विमान घरघरत गेलं तरी फोनवरचं भांडण एक शब्दही न गाळता पुढे नेता येतं. पण दत्त मंदिर रोडवरच्या आमच्या इमारतीत सध्या जे चाललंय, त्यानं भल्याभल्या काकवांची कोथिंबीर निवडायची राहिली आहे. सहाव्या मजल्यावरच्या सुनेला सातवा महिना लागलाय आणि तिच्यासाठी घरी 'थेरपिस्ट' येते. मालीशवाली नव्हे हं. थेरपिस्ट. अंगात पांढरा डगला, पाठीवर गुंडाळलेली चटई आणि दोन्ही हातांत उशांच्या पिशव्या. वॉचमननं रजिस्टरमध्ये 'गादीवाली' असं लिहून वर सोडलं.

पहिला धक्का म्हणजे, बाळंतपण व्हायच्या आधीच मालीश! आमच्याकडे रीत अशी, की पोटुशीला जपायचं म्हणजे तिच्या अंगाला हातच लावायचा नाही. डोहाळजेवणाला हिरवी साडी नेसवा, फुलांचे दागिने घाला, धनुष्यबाण देऊन झोपाळ्यावर फोटो काढा. पण कंबर दुखते म्हणाली की, 'दुखणारच, आम्ही नाही काढले नऊ महिने?' इथे उपचार संपतात. मागे गर्भसंस्कारांची लाट आली, बालाजी तांब्यांचं पुस्तक घरोघरी पोचलं, पोटाशी मोबाइल धरून मंत्र ऐकवले गेले. ते आम्ही चालवून घेतलं, कारण ते बाळासाठी होतं. ही नवी भानगड बाईसाठी आहे, आणि तिथेच काकवांचा तोल गेला.

चौथ्या मजल्यावरच्या काकू (नाव सांगणार नाही, गरजही नाही, गल्लीला ठाऊक आहे) विरजण मागायच्या निमित्तानं थेट वर गेल्या आणि अर्ध्या उघड्या दारातून दिसलं ते लगेच खाली आणून वाटलं. सून डाव्या कुशीवर. मानेखाली उशी, पोटाखाली उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, पाठीशी लोड. 'पलंगावर सून कमी नि कापूस जास्त,' इति काकू. आणि ती डगलेवाली बाई सुनेच्या कंबरेवर नुसता तळहात टेकवून बसलेली. 'रगडत नव्हती हो! नुसता ठेवलेला! आणि ह्याचे अडीच हजार!' आकडा काकूंनी आणलाय, म्हणजे त्यातले हजार-पाचशे काकूंच्या पदरचे असतील. तरी बाकी उरतात ते काही थोडेथोडके नाहीत.

उशांचं गुपित मी दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्या थेरपिस्टकडूनच काढून घेतलं. (खाली पोचायला आमच्या लिफ्टला भरपूर वेळ लागतो. अशा कामांना ती बरी पडते.) पाचवा महिना उलटला की उताणं झोपल्यावर गर्भाशयाचं सगळं ओझं पोटामागच्या मोठ्या शिरेवर येतं, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि कुणाकुणाला गरगरायला लागतं. पालथं झोपणं तर शक्यच नाही. राहिली कूस. त्यातून या दिवसांत शरीरात असा एक स्राव वाढतो, की कंबरेच्या सांध्यांचे बंध सैल पडायला लागतात. बाळाला वाट करून द्यायची तयारी ती. सैल सांध्यावर जोर काढला की कंबर आणखी धरते. म्हणून हलका हात. हे मी काकूंना जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'हलक्या हाताचे पैसेही हलके असावेत.'

मुद्दा बिनतोड आहे, आणि तो मावशींच्या बाजूनं आहे. मावशी म्हणजे आमच्या मालीशवाल्या, डवरी नगरातून येणाऱ्या. या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या पायांवर न्हाली आहेत. यातली काही पोरं आता बीकेसीत मोठ्या पगारावर आहेत आणि मावशी समोरून आल्या की अजून नाक झाकून घेतात, कारण नाक धारदार व्हावं म्हणून मावशी ते रोज चिमटीत धरून ओढायच्या. (नाक हाडा-कूर्चेचं, त्याला जे व्हायचं तेच ते होतं. पण हे मावशींना सांगायचा धीर आजवर एका बालरोगतज्ज्ञालाही झालेला नाही.)

मावशींची मालीश ज्यांनी सोसली त्यांना सांगायला नको. सकाळी सातच्या ठोक्याला यायच्या. पदर खोचून तेलाची वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात तरंगत ठेवायच्या, बाईला तिळाचं तेल, बाळाला खोबरेल. तळपायांपासून सुरुवात. पोटऱ्या, मांड्या, मग पालथं घालून कंबर, आणि कंबर म्हणजे ती कणीक मळावी तशी मळायच्या. बाळंतीण कळवळली की म्हणायच्या, 'ओरड, ओरड, वारा निघतोय.' वारा निघत होता की जीव, हे बाहेर बसलेल्यांना कळायचं नाही. त्यानंतर कढत पाण्याचे तांबे पाठीवर, कानात कापसाचे बोळे, डोक्याला रुमाल, पोटाला जुन्या सुती साडीचा करकचून पट्टा आणि बाजेखाली शेगडी. शेगडीत ओवा, बाळंतशोपा आणि धूप. आई अशी धुरात ठेवली की मावशी न्हाणीघरात पाय पसरून पाटावर बसायच्या आणि बाळ घ्यायच्या. टाळू भरायची, डाळीच्या पिठानं अंग चोळायचं, उजवा हात डाव्या पायाला नि डावा हात उजव्या पायाला नेऊन लावायचा, आणि शेवटचा तांब्या ओतता ओतता एक लांबलचक आशीर्वाद. बाळ तिथून जे झोपायचं ते दुपारीच उठायचं. या सगळ्याला अडीच हजार कुणी दिले नाहीत. महिनाभराचे पैसे, सव्वा महिन्याला साडी आणि नारळ, झालं.

आता काकवांना वाटतं तेवढं हे घरगुती प्रकरण नाही. बाळंतिणीचं पोट तेल-तुपाचा हात फिरवून मोठ्या कापडानं गुंडाळावं, म्हणजे रिकाम्या जागेत वायू शिरत नाही, हे चरकसंहितेत आलंय. पथ्यापाण्याची मुदत वाग्भटानं दीड महिना दिली आहे. आपला सव्वा महिना त्यातच बसतो आणि आजचे डॉक्टरही गर्भाशय मूळ आकाराला यायला साधारण सहा आठवडे धरतात. तीन वेगवेगळ्या काळांतली माणसं एकाच आकड्याच्या आसपास येऊन थांबली, याचा अर्थ कुणीतरी बायकांकडे नीट पाहत होतं. मलेशियात पोट बांधायचा पट्टा लांबच लांब असतो, त्याला बेंगकुंग म्हणतात. चीनमध्ये महिनाभर वारा लागू द्यायचा नाही, केस धुवायचे नाहीत. आपल्या कानातल्या बोळ्यांची ती सख्खी बहीण. कोरियात तर बाळंतिणींसाठी खास निवासस्थानं आहेत. दवाखान्यातून थेट तिथे दोन आठवडे राहायचं, मालीश, सूप आणि झोप. बिलाचा आकडा काकूंच्या कानावर जाऊ नये एवढीच इच्छा.

खरी फजिती पुढेच आहे. फ्रेडरिक लबॉये नावाचे एक फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ. त्यांना कोलकात्यात शांतला नावाची एक आई आपल्या बाळाला पायांवर घेऊन मालीश करताना दिसली. त्यांनी फोटो काढले आणि 1976 मध्ये त्या बाईच्या नावानंच पुस्तक काढलं. विमला मॅक्लूर नावाच्या अमेरिकन बाईही सत्तरच्या दशकात भारतातल्या एका अनाथालयात काम करताना बाळांची मालीश शिकल्या, मायदेशी जाऊन पुस्तक लिहिलं, शिकवण्या सुरू केल्या आणि पुढे त्यातून आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. म्हणजे पाटावरची विद्या आधी विमानानं गेली, तिकडे तिला प्रमाणपत्र मिळालं आणि आता ती डगला घालून वाकोल्याच्या लिफ्टमध्ये परत आली आहे. मावशींना मी हे ऐकवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, 'तिकडचे लोक नाक ओढतात का?' नाही म्हटल्यावर त्यांचा त्या विद्येतला रस संपला.

खोबरेलाच्या बाबतीत मात्र मावशी जिंकल्या. आपल्या सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात नवजात बाळांवर एक अभ्यास झाला, तो 2005 मध्ये छापून आला. काही बाळांना खोबरेल, काहींना बाजारातलं खनिज तेल असं चोळून पाहिलं, तर दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचं वजन खोबरेलानं जास्त वेगानं वाढलं. त्याआधी 1986 मध्ये अमेरिकेत टिफनी फील्ड यांनी अशाच लवकर जन्मलेल्या बाळांना रोज थोडा वेळ हळुवार चोळायला लावलं आणि त्यांचं रोजचं वजन इतरांपेक्षा 47 टक्के जास्त वाढलं. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगून टाकलं, की निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला हलक्या हातानं मालीश करायला हरकत नाही. 'हलक्या हातानं' हे शब्द मी मावशींना तीनदा वाचून दाखवले. तीनदाही त्यांना फोन आला.

म्हणून नवीन ते सगळं सोनं, असं मात्र समजू नका. त्यातही अशा थापा आहेत की काकू फिक्या पडाव्यात. अशा थेरपीवाल्यांच्या एका पत्रकात 'क्रेनिओसेक्रल थेरपी' होती. जॉन अपलेजर नावाच्या अमेरिकन वैद्यांनी सत्तरच्या दशकात हे शास्त्र रुजवलं. मेंदू आणि मणक्याभोवतीच्या पाण्याला म्हणे एक लय असते, ती कवटीला बोटं लावून कळते आणि मग बोटांनीच सुधारता येते. गंमत अशी, की एकाच माणसाचं डोकं दोन जाणकारांनी वेगवेगळं चाचपलं तर दोघांच्या हाताला लागलेली लय जुळत नाही, असं तपासणाऱ्यांना आढळलं. तासभर कुणी डोक्यावर हात ठेवला तर बाळंतिणीला बरं वाटेलच, त्यात नवल काय? पहिल्या महिन्यात तिला कुणी तासभर पडू दिलं एवढ्यानंही बरं वाटेल. दुसऱ्या पत्रकात 'हाडं मिटवण्याचा विधी' होता. मेक्सिकोकडच्या सुइणी लांब ओढणीनं बाळंतिणीची कंबर आवळतात, त्याचं हे शहरी रूप. मेणबत्त्या वेगळ्या. आणि 'शरीरातील विषद्रव्ये बाहेर काढणे' तर प्रत्येक पत्रकात. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं फुकटात करतात. 'विष' आणि मावशींचा 'वारा' या दोघांची एकदा गाठ घालून द्यायला हवी, दोघंही कुणाला कधी दिसलेले नाहीत.

हे सगळं काकवांनी पचवलं असतं. दुसरा धक्का मात्र पचेना. ती थेरपिस्ट हात लावायच्या आधी विचारते.

तुम्हाला यात काही वावगं वाटत नसेल, तर तुम्ही वाकोल्यातलं बाळंतपण पाहिलेलं नाही. आधी एक छापील कागद भरायचा. रक्तदाब किती? पाय सुजलेत का, दोन्ही की एकच? बाळंतीण असेल तर टाके नैसर्गिक प्रसूतीचे की सिझेरियनचे, सुकलेत का? डॉक्टर हो म्हणाले का? मग तोंडी: 'पोटाला हात लावलेला चालेल?' 'एवढा जोर ठीक आहे की कमी करू?' सहाव्या मजल्यावरच्या सासूबाईंनी हे बाहेरच्या खोलीतून ऐकलं आणि त्यांना खुर्चीत बसावं लागलं. 'चालेल का म्हणून विचारते! आम्हाला कधी कुणी विचारलं?' त्यांनी हे तक्रारीच्या सुरात म्हटलं. नक्की कुणाविरुद्धची तक्रार, याचा निकाल काकवांच्या बाकड्यावर अजून लागलेला नाही.

त्या कागदातला पायांचा प्रश्न कुणी हसण्यावारी नेऊ नये. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या सहाएक आठवड्यांत रक्त नेहमीपेक्षा लवकर गोठतं. जास्त रक्तस्राव होऊ नये म्हणून शरीरानं केलेली ती सोय. पण त्यामुळेच कधी पोटरीतल्या शिरेत गाठ धरते. एकच पाय सुजला, लाल झाला, गरम लागला, दुखू लागला, तर तिथे तेल नाही, डॉक्टर. अशी पोटरी जोरानं रगडली तर गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि मग वाऱ्याचं कौतुक करायला वेळ उरत नाही. सिझेरियनच्या पोटाचंही तेच: टाके भरून येऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत पोटाला चोळणं-बांधणं नाही, खांदे, तळपाय, मान घ्या. पोटाचे मधले दोन उभे स्नायू बाजूला सरकलेले असतात, ते जवळ आणायला नुसतं करकचून आवळणं पुरत नाही, फिजिओथेरपिस्ट शिकवते ते श्वासाचे आणि ओटीपोटाचे व्यायाम लागतात. आणि शेगडी? चाळीतल्या वाऱ्यावर ती खपून जायची. आता काचेच्या सरकत्या खिडक्या लावून बंद केलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत कोळसा पेटवाल, तर त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासही न देता घात करतो. गरम पाण्याची पिशवी घ्या. धुराची फारच हौस असेल तर हायवेला उभं राहा.

मावशींना कुणी विचारायला शिकवलं नाही, हे खरं. पण मावशींनाही कुणी विचारलेलं नव्हतं. त्यांची तिन्ही बाळंतपणं पालिकेच्या दवाखान्यात झाली, आणि तिसऱ्याच्या वेळी बाळ महिन्याचं व्हायच्या आत त्या दुसऱ्यांच्या सुनांच्या कंबरा मळायला परतल्या होत्या. त्यांची कंबर कुणी मळली, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, 'कोण मळणार? सकाळी सात ते अकरा मी दुसरीकडे.' 2017 पासून बाळंतपणाची भरपगारी रजा 12 ऐवजी 26 आठवडे झाली, सहाव्या मजल्यावरची सून ती सगळी घेणार आहे. ती रजा ज्यांची नोकरी कागदावर आहे त्यांची. चार घरी तेलाची वाटी घेऊन जाणारीला कुणी नोकरीत धरत नाही, मग रजा कुठून? पहिल्या खेपेला सरकारी योजनेचे पाच हजार मिळतात, तेही कागद जुळले तर. थेरपिस्टच्या दोन खेपांचे पैसे. काकूंच्या हिशेबानं.

सध्या तडजोड अशी, की बाळंतपणानंतर आईला थेरपिस्ट आणि बाळाला मावशी. नाक ओढायचं नाही या अटीवर. मावशींनी अट मान्य केली आणि दर वाढवला. त्या थेरपिस्टकडून त्यांनी तो छापील कागदही मागून घेतलाय. वाचता येत नाही, तर नातीकडून प्रश्न पाठ करून घेतले. परवा दुसऱ्या इमारतीत एका बाळंतिणीला त्यांनी दरडावून विचारलं म्हणे, 'पाय एक सुजलाय की दोन? चालेल ना हात लावला? चालेलच!'

आणि आता शेवटचा धक्का, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं सांगायला घेतलं. नवरा शिकतोय. थेरपिस्ट शेवटची पंधरा मिनिटं त्याच्यासाठी राखून ठेवते. तळपायाला अंगठा कसा फिरवायचा, कंबरेच्या खाली मुठीचा दाब कसा धरायचा, कळा सुरू झाल्यावर तिथेच कसं दाबून धरायचं, सगळं. काकूंनी डोळ्यांनी पाहिलं: दिवाणखान्यात, दिवे लावलेले, पडदे सताड उघडे, टीव्हीवर मॅच चालू आणि आवाज बंद, सून सोफ्यावर आडवी आणि हा बीकेसीतला साहेब जमिनीवर मांडी घालून तिचे पाय मांडीवर घेऊन बसलेला. तेल लावतोय! रोज रात्री! सासूबाई म्हणाल्या, त्यांच्या मुलानं आजवर स्वतःच्या डोक्यालाही आपल्या हातानं तेल लावलेलं नाही. सासरे काही बोलले नाहीत, पण ते हल्ली मॅच आतल्या खोलीत मोबाइलवर बघतात. न जाणो, कुणी शिकवायला घेतलं तर.

दरम्यान सोसायटीच्या लिफ्टमध्ये सेक्रेटरींनी सूचना लावली: 'मालीशवाल्या बायकांनी तेलकट हातांनी बटणे दाबू नयेत.' मावशी खवळल्या. त्या नेहमी कोपरानं बटण दाबतात, हे पूर्ण इमारतीला माहीत आहे. थेरपिस्ट तर हात साबणानं धुतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. मग काकूंनी तपास हाती घेतला. तेलाचे ठसे फक्त रात्री दहानंतर उमटतात आणि फक्त सहाच्या आणि तळमजल्याच्या बटणावर. रात्री दहानंतर सहाव्यावरून खाली जाऊन आइस्क्रीम कोण आणतं, हे वॉचमनच्या रजिस्टरात आहे. सूचना अजून तिथेच आहे. 'मालीशवाल्या बायकांनी' यावर निळ्या पेनानं काट मारून सेक्रेटरींनी वर लिहिलंय, 'संबंधितांनी'.